अर्जातील एक रकाना

शाळेत विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण शोध सांगतो, शोधकर्त्यांची नावे सांगतो, कधी प्रयोगाची आकृतीही फळ्यावर काढतो. पण त्या प्रयोगाला पैसे कोणी दिले, कोणत्या अटींवर दिले आणि ते मागताना संशोधकाला काय लिहून द्यावे लागले, इकडे सहसा आपले लक्ष जात नाही. आमच्यासारख्यांच्या आयुष्यातील बराच काळ मात्र अनुदानाचे अर्ज लिहिण्यातच जातो. हे अर्ज वाचायला रुक्ष असतात. तरीही त्यातील एखाद्या रकान्यामागे मोठा इतिहास दडलेला असतो.

कॅनडाच्या उत्तर भागात प्रदूषकांवर संशोधन करण्यासाठी जे अर्ज मागवले जातात, त्यांत असाच एक भाग आहे. ज्या वस्तीत किंवा वस्तीच्या आसपास काम करायचे आहे, तेथील लोकांशी आपण काय बोललो, त्यांचे म्हणणे काय आहे आणि निष्कर्ष त्यांच्यापर्यंत कसे पोचवणार, हे अर्जदाराने तेथे सांगायचे असते. ही माहिती नसेल, तर रसायनशास्त्र कितीही उत्तम असले तरी अर्ज अडतो. ही अट का आली, त्याची ही हकिगत.

सहकार्य कोणाचे?

उत्तर ध्रुवाकडील संशोधनात सहकार्याची कल्पना जुनी आहे. कार्ल वायप्रेख्ट या ऑस्ट्रियन नौदल अधिकाऱ्याने १८७५ साली असे मांडले की, प्रत्येक देशाने ध्रुवाकडे स्वतंत्र मोहिमा काढून झेंडे रोवण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकाच काळात, एकाच पद्धतीने हवामानाच्या व चुंबकत्वाच्या नोंदी घ्याव्यात. त्यातून १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष साकार झाले. ते पाहायला वायप्रेख्ट राहिला नाही. १८८१ मध्येच त्याचे निधन झाले.

पण हे सहकार्य देशादेशांतले, शास्त्रज्ञा-शास्त्रज्ञांतले होते. हजारो वर्षे त्या बर्फावर राहणारे लोक या मोहिमांत असत ते वाटाडे, शिकारी किंवा कुत्र्यांच्या गाड्या हाकणारे म्हणून. काय मोजायचे आणि कशासाठी, हे त्यांना कोणी विचारत नसे. पुढची शंभर वर्षे साधारण हेच चालले.

'स्वच्छ' नमुन्याचा शोध

१९८० च्या दशकात क्यूबेक प्रांतातील डॉक्टर एरिक देवाई हे आईच्या दुधातील पीसीबीचे प्रमाण तपासत होते. पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, ही क्लोरिनयुक्त संयुगे आहेत. ती सहज जळत नाहीत, विजेला अडवतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून विजेच्या रोहित्रांतील तेलात त्यांचा भरपूर वापर झाला. मात्र ती शरीरातील चरबीत साठतात आणि गर्भाच्या व बालकाच्या वाढीला अपाय करू शकतात.

दक्षिण क्यूबेकमधील औद्योगिक भागातील नमुन्यांशी तुलना करण्यासाठी देवाईंना एक 'स्वच्छ' नमुना हवा होता. प्रांताच्या अगदी उत्तरेला नुनाविक हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे. तेथे कारखाने नाहीत, मोठे रस्ते नाहीत. तेथील दूध स्वच्छ असणार, हा साधा तर्क होता. तेथील एका सुईणीच्या मदतीने नमुने मिळाले. तपासणीत इनुइट मातांच्या दुधात दक्षिणेकडील मातांच्या सुमारे पाचपट पीसीबी आढळले. हे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेला नमुनाच सर्वांत दूषित निघाला होता.

विष तेथे पोचले कसे?

पहिला संशय शीतयुद्धाच्या काळात उभारलेल्या रडार केंद्रांवर गेला. १९५० च्या दशकात अमेरिका व कॅनडाने उत्तरेत अशा केंद्रांची साखळीच बांधली होती आणि तेथील विद्युत उपकरणांत पीसीबी होते. काही केंद्रांभोवतालची माती खरोखर दूषित होती. परंतु एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातील प्रदूषणाचा उलगडा त्यातून होत नव्हता.

खरे उत्तर दुहेरी आहे. पहिला भाग भौतिकशास्त्राचा. पीसीबी, डीडीटी अशी संयुगे उष्ण हवेत थोडीथोडी बाष्परूप होतात, वाऱ्याबरोबर जातात, थंड जागी खाली बसतात, ऊन वाढले की पुन्हा उठतात. नाकतोड्यासारख्या उड्या मारत ती थंड प्रदेशाकडे सरकतात. तेथे पुन्हा उडण्याइतकी ऊब नसते आणि थंडीत त्यांचे विघटनही फार संथ होते.

दुसरा भाग जीवशास्त्राचा. ही संयुगे पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. त्यामुळे ती मूत्रावाटे सहज बाहेर पडत नाहीत. शैवाल सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना मासे, माशांना सील आणि सीलला पांढरे अस्वल. समजा, प्रत्येक पायरीला विषाची तीव्रता पाचपट झाली, तर चार पायऱ्यांनंतर ती ५×५×५×५, म्हणजे ६२५ पट होईल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मात्र गुणाकाराचा परिणाम विद्यार्थ्यांना दाखवायला ते पुरेसे आहेत. सील, वॉलरस, देवमासा यांचे मांस व चरबी खाणारा माणूस या साखळीच्या शेवटच्या टोकाला बसतो. आणि त्याच्याही पुढे एक पायरी असते: आईचे दूध पिणारे बाळ.

बातमी आधी, उत्तर नंतर

याच सुमारास बॅफिन बेटाजवळच्या ब्रॉटन आयलंड (आताचे किकिक्तारजुआक) या चार-पाचशे वस्तीच्या गावातही लोकांच्या आहाराचा आणि रक्ताचा अभ्यास चालू होता. तेथील पीसीबीची बातमी १९८८ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत आली. तिचा नेमका अर्थ गावकऱ्यांना नीट समजण्याआधीच देशभर तिची चर्चा झाली. 'पीसीबीवाले लोक' अशी त्यांची ओळख होऊन बसली.

त्या गावातील एखाद्या आईच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. बाळाला अंगावर पाजावे की नाही? नवऱ्याने आणलेले सीलचे मांस घरात शिजवावे की नाही? दुकानात विमानाने आलेले अन्न महाग, आणि त्यात बरेचसे पीठ-साखरेचे. उलट सीलच्या मांसात भरपूर लोह व प्रथिने असतात. देवमाशाची कातडी व त्याखालची चरबी, ज्याला मुक्तुक म्हणतात, तिच्यातून फळभाज्या न उगवणाऱ्या प्रदेशात 'क' जीवनसत्त्वही मिळते. शिवाय शिकार वाटून खाणे हा त्या समाजाच्या नात्यांचा आधार. तेव्हा 'हे खाऊ नका' असा सोपा सल्लाही अपाय करू शकत होता. आरोग्यतज्ज्ञांनी फायदे-तोटे तोलून स्तनपान चालू ठेवावे असेच सांगितले. पण असा सल्ला लोकांच्या गळी उतरायला विश्वास लागतो, आणि नेमका तोच उडाला होता. आमचे रक्त घेतले, दूध नेले, आणि उत्तर मात्र वर्तमानपत्रातून कळले, हे दुःख खरे होते.

नवी व्यवस्था

या पार्श्वभूमीवर कॅनडा सरकारने १९९१ मध्ये 'नॉर्दर्न कंटॅमिनंट्स प्रोग्राम', म्हणजे उत्तरेकडील प्रदूषकांविषयीचा कार्यक्रम सुरू केला. त्याचे वेगळेपण त्याच्या व्यवस्थापन समितीत होते. सरकारी खात्यांच्या प्रतिनिधींबरोबर इनुइट, डेने, युकॉनमधील आदिवासी समाज यांच्या संघटनांचे प्रतिनिधीही पैसे वाटपाच्या टेबलाशी बसले.

दरवर्षी प्रस्ताव मागवले जातात. त्यांची छाननी दोन बाजूंनी होते. मोजमापाची पद्धत बिनचूक आहे का, हे त्या विषयातील तज्ज्ञ पाहतात. लोकांशी बोलणे झाले आहे का, स्थानिकांचा कामात सहभाग आहे का, निष्कर्ष त्यांना कळतील का, हे प्रादेशिक समित्या पाहतात. पुढे वस्त्यांना स्वतःचे प्रश्न घेऊन अर्ज करता येतील, अशी तरतूदही झाली.

यामुळे विज्ञान पातळ झाले का? अनुभव तसा नाही. सीलच्या शरीरातील प्रदूषके वर्षानुवर्षे मोजायची, तर दरवर्षी त्याच भागातून नमुने हवेत. दूरच्या विद्यापीठातील माणूस तेथे किती दिवस राहणार? शिकारी मात्र दरवर्षी जातोच. तो चरबी, यकृत आणि खालचा जबडा पाठवतो. जबड्यातील दाताच्या थरांवरून सीलचे वय कळते, आणि वय कळल्याशिवाय प्रदूषकांच्या आकड्याला अर्थ नाही. जोडीला एल्समिअर बेटाच्या उत्तर टोकावरील अलर्ट येथे १९९२ पासून हवेतील या संयुगांचे सातत्याने मापन होत आहे.

अडचणीही आहेत. चर्चेला वेळ लागतो, प्रवास फार खर्चाचा असतो. काही संशोधक पत्र पाठवून 'चर्चा झाली' असे लिहून मोकळे होऊ पाहतात. लहानशा गावाच्या कार्यालयात अनेक संशोधकांची पत्रे येऊन पडतात, आणि त्यांना उत्तरे देण्याचा वेगळा पगार कोणाला नसतो. रकाना असला म्हणजे संवाद झालाच, असे नाही.

गावापासून जगापर्यंत

या मोजमापांनी एक गोष्ट निर्विवाद केली: उत्तरेतील विष उत्तरेत तयार झालेले नव्हते. त्यामुळे त्यावरचा उपायही तेथे करता येणार नव्हता. जागतिक कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा इनुइट प्रतिनिधी आकडे हाती घेऊन तेथे गेले. १९९९ मध्ये नैरोबीच्या बैठकीत शीला वॉट-क्लूटिए यांनी आई व मूल यांचे एक इनुइट शिल्प संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख क्लाउस टॉप्फर यांना भेट दिले. २००१ मध्ये स्टॉकहोम करार मंजूर झाला आणि २००४ मध्ये अमलात आला. सुरुवातीला त्यात १२ रसायने होती. उत्तर ध्रुवाकडील परिसंस्था आणि तेथील मूळ रहिवासी यांना असलेल्या विशेष धोक्याचा उल्लेख त्याच्या प्रस्तावनेतच आहे.

भारताने या करारास २००६ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला, तरी हिवताप व काळा आजार यांच्या नियंत्रणासाठी तो पुढेही चालू राहिला. आपल्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील सरकारी कारखान्यातही डीडीटी तयार होत असे. कोणत्या सीलमधील रेणू कोणत्या कारखान्यातून निघाला, हे सांगता येत नाही. पण हिवतापाने आजारी पडणारे आपले मूल आणि आईच्या दुधातून विष घेणारे इनुइट मूल, या दोघांचा विचार एकाच करारात करावा लागला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नुनाविकमधील गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील पीसीबी व डीडीटी यांचे प्रमाण १९९२ नंतर बरेच घटले. याचे काही श्रेय बंदीला, तर काही बदललेल्या आहारालाही आहे. दुसरीकडे २००४ ते २०१७ या काळात लांब साखळीच्या काही फ्लोरिनयुक्त आम्लांचे प्रमाण तेथे वाढलेले दिसले. ती रसायने २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आली. त्याही वेळी उत्तरेतील नोंदी उपयोगी पडल्या.

वर्गात हा विषय घेतल्यावर एक उपक्रम करून पाहता येईल. आपल्या गावातील सर्व विहिरींच्या पाण्याची तपासणी करायची आहे, असे समजून विद्यार्थ्यांना एका पानाचा अर्ज लिहायला सांगा. उपकरणे, खर्च, वेळापत्रक हे मुले भराभर लिहितील. मग शेवटी एक प्रश्न द्या: एखाद्या विहिरीचे पाणी खराब निघाले, तर ते सर्वांत आधी कोणाला सांगाल, आणि पाण्यासाठी दुसरी सोय नसेल तर काय सांगाल? वर्गातील खरी चर्चा या प्रश्नापासून सुरू होईल.