आधी तोल, मग रेडिओ

श्रोतेहो, पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागले, की भूगाव आणि भुकूम मागे टाकल्यावर पिरंगुट येते. भाताची कापणी झाली की इथली खाचरे मोकळी होतात. अशा वेळी एखाद्या पोराच्या हाती रेडिओवर चालणारे लहान विमान आले, तर तो काय करील? पहिल्याच दिवशी मोटर सुरू करून ते आभाळात सोडील, आणि मिनिटभरात विमान बांधावर आदळेल. घरची बोलणी वेगळीच! पण चूक पोराची नाही. ही विद्या कोणत्या क्रमाने वाढली, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

रेडिओ या विद्येत फार उशिरा आला, बरे का. 1871 साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो यांनी रबराच्या पिळावर चालणारे चिमुकले विमान उडवले. त्यात माणूस नव्हता, त्याला दोरी नव्हती. शेपटीच्या बळावर ते आपला तोल आपणच सांभाळी. पेनोंच्याच धर्तीचे एक उडते खेळणे 1878 साली अमेरिकेत राइट बंधूंना वडिलांनी आणून दिले. याच भावांनी पुढे 1900 ते 1902 बिनइंजिनाच्या ग्लायडरांवर घालवली, आणि 1903 मध्ये इंजिन बसवले. टेस्ला यांनी 1898 सालीच रेडिओलहरींनी छोटी नाव चालवून दाखवली होती. पण वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचे छोटे विमान लहरींच्या हुकमतीत उडायला 1937 साल उजाडावे लागले.

गुरुजी, वर्गात कुणी तरी शिवकर बापूजी तळपद्यांचे नाव काढीलच. 1895 साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे सांगतात. त्याचा भरवशाचा पुरावा हाती नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, ते विसाव्या शतकात लिहिलेले, आणि 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असे दाखवून दिले. मुलांना हे सांगताना कचरू नका. उलट त्यांच्या हाती फोमचे एक साधे ग्लायडर द्या.

पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक-तृतीयांश रुंदीवर, दोन्ही बाजूंनी बोटे लावून ते उचला. शेपूट खाली गेली, तर नाकाला थोडी माती चिकटवा. मग वाऱ्याकडे तोंड करून अलगद सोडा. नाक वर करून धपकन पडले तर माती वाढवा, सरळ जमिनीत घुसले तर कमी करा. दहा वेळा ते सरळ तरंगत गेले, की मगच रेडिओचे विमान घ्या. तेही उंच पंखाचे, पंखांची टोके जरा वर उचललेले.

खरी फसगत विमान आपल्याकडे परतताना होते, कारण तेव्हा डावे-उजवे उलटते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी सरकवावी. आणखी एक. खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी इथून दूर नाही. तेव्हा 2021 च्या ड्रोन नियमांखालचा सरकारी नकाशा आधी पाहावा, विजेच्या तारांपासून लांबचे खाचर निवडावे, आणि वारा सुटण्याआधी, सकाळीच जावे.