पत्र्याच्या पेट्या

गिरगावच्या आमच्या बिऱ्हाडात आजोबांना सगळे भाऊ म्हणत. फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या पेढीत त्यांनी ३८ वर्षं मॅनेजिंग क्लार्की केली. रात्री जेवणं उरकली की सुपारी कातरता कातरता ते लढाईच्या दिवसांवर येत. त्यांच्या लढाईत रणगाडे नसत, हिटलरही क्वचितच डोकावे. तिचा नायक म्हणजे पत्र्याची पेटी: रंग काळा, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत अशिलाचं नाव, आत लाल फितीनं बांधलेली खरेदीखतं नि मृत्युपत्रं.

“घराचे कागद सावकाराच्या हाती ठेवले की झालं गहाण! वेगळं गहाणखत लागत नसे,” ते सांगत. कायद्यानं ही मुभा मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठरावीक शहरांनाच होती. त्यामुळे पेटी गेली तर नुसते कागद जात नसत. कुणाचं घर, कुणाचं कर्ज टांगणीला लागे.

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, मार्चमध्ये रंगून. मुंबईकर बोचकी बांधून गावाकडे निघाले. निघताना अशील पेढीत डोकावत: “आमच्या पेटीचं काय?” ब्लॅकआउटमध्ये दिव्याला काळा कागद गुंडाळून भाऊ आठवडाभर पेट्यांच्या याद्या करत बसले. दस्त, तारीख, पानं किती, शिक्का शाबूत की फुटका. एक प्रत पेढीत, दुसरी मालकाच्या घरी.

१४ एप्रिल १९४४ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गासड्या नि सुमारे १,४०० टन स्फोटकं! पेढीच्या काचा टेबलांवर येऊन पडल्या. भाऊ आधी तिजोरीच्या खोलीत धावले, पेट्या मोजल्या, मग घरची आठवण झाली. आजी हे त्यांना शेवटपर्यंत ऐकवत असे. पुढे नुकसानभरपाईचा वटहुकूम निघाला. जळलेला माल आपलाच होता हे दाखवायला लोक कागद शोधू लागले, तेव्हा त्या याद्या कामी आल्या.

पण सुपारीचा अडकित्ता थांबायचा तो एका वेगळ्या गोष्टीपाशी. चाळीतल्या एका विधवा काकूंनी विम्याचे पैसे दुसऱ्या एका पेढीच्या भागीदाराकडे ठेवले होते. ते त्यानं खाल्ले. काकू भाऊंकडे आल्या. मुंबईच्या सॉलिसिटरांची स्वतःची संस्था होती, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, १८९४पासूनची. पण सॉलिसिटरचं नाव पटावर चढवणं नि पटावरून उतरवणं हायकोर्टाच्या हाती. आणि समजा नाव उतरलं, तरी काकूंच्या ताटात काय पडणार होतं? त्या पुढे पापड लाटत राहिल्या.

लंडनच्या लॉ सोसायटीचं गॅझेट भाऊंच्या साहेबांकडे येई. लढाईत बोटीनं यायचं म्हणजे शिळं होऊनच. त्यातली एक बातमी भाऊंनी जन्मभर जपली. तिथल्या सोसायटीच्या सभासदांतून नेमलेल्या समितीला १९१९पासूनच सॉलिसिटरचं नाव काढण्याचा अधिकार होता. १९३५पासून अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचे नियम होते. तरी अफरातफर थांबेना. मग १९४१ साली नवा कायदा झाला: दरसाल हिशेबतपासनिसाचा दाखला द्यायचा, आणि प्रत्येक सॉलिसिटरनं एका निधीत वर्गणी भरायची. एखाद्यानं अशिलाला बुडवलं, तर भरपाई त्या निधीतून.

त्याच वर्षी मे महिन्यात सोसायटीच्या चॅन्सरी लेनमधल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर टेम्पल चर्च बॉम्बनं जळालं होतं. तरुण सॉलिसिटर नि शिकाऊ उमेदवार आघाडीवर गेले होते. अशा वेळी “हे लढाई संपल्यावर पाहू” म्हणणं किती सोपं होतं! भाऊ म्हणत, “चोराला पेढीतून हाकलणं कुणालाही जमतं. चोरानं नेलेलं आपल्या खिशातून भरणं, त्याला म्हणायचं संस्था.”

वकिलांची असो, डॉक्टरांची असो की बिल्डरांची, कुठल्याही संघटनेची वार्षिक सभा गाजली, ठराव झाले, हार पडले असं वाचलं की मला काकूंचा पोळपाट दिसतो. मग मी अहवालात एकच रकाना शोधतो: बुडालेल्यांना यंदा यांनी किती दिले?