थाप आणि शिरकाव

फायरवॉल हा संगणकाच्या दारावरचा पहारेकरी. ११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ नावाची, आपोआप पसरणारी कीड (जाणते तिला ‘वर्म’ म्हणतात) जगभर फिरू लागली. तिच्या शिरण्याचे भगदाड बुजविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुलैतच केली होती. पण लक्ष कोणी दिले? पहारेकऱ्यांच्या नोंदी १३५ क्रमांकाच्या दारावरील थापांनी भरल्या आणि माणसे हबकली. वास्तविक थाप पडली, दार उघडले नाही. त्यात भ्यायचे काय? आपलाच संगणक परक्यांच्या त्याच दारावर थापा मारू लागला, की मात्र चोर घरात शिरला म्हणून समजावे. अशा घरी इशारा बहुधा झालाच नाही! विंडोज एक्सपीमधील पहारेकरी मुळात झोपविलेलाच असे. ऑगस्ट २००४ मध्ये दुसरा सुधारणासंच आला, तेव्हा कोठे तो आपण होऊन जागा राहू लागला.