फकिरा खपला, अण्णा भाऊंच्या हातात काय पडले?

दरवर्षी १ ऑगस्टला वस्तीवस्तीत अण्णा भाऊ साठे यांच्या प्रतिमेला हार पडतात. मिरवणुका निघतात, फ्लेक्सवर अण्णा भाऊंपेक्षा नेत्यांचे चेहरे मोठे छापले जातात. भाषणात दोन वाक्ये हमखास येतात. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने पस्तीसेक कादंबऱ्या लिहिल्या, हे एक. एवढा मोठा साहित्यिक हलाखीत गेला, हे दुसरे. पहिल्या वाक्याला टाळ्या, दुसऱ्याला उसासा, आणि आपण घरी. या दोन वाक्यांच्या मधला हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडायचा म्हणून हा लेख.

चळवळीतल्या तरुणांशी बोलताना आम्हाला अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो: लिहून पोट भरते का? विचारणारे कविता करणारे नसतात. त्यांना रहस्यकथा लिहायच्या असतात, वेब सिरीज लिहायची असते, ऑडिओसाठी भयकथा लिहायच्या असतात. त्यांना कोणीतरी दटावते, की आपल्या माणसाने समाजासाठी लिहावे, बाजारासाठी नाही. हे दटावणे आम्हाला मान्य नाही. आपल्यातला सर्वांत मोठा कादंबरीकार वाचकांच्या बाजारातच उभा होता.

'लोकशाहीर' या पदवीने अण्णा भाऊंचा दुसरा चेहरा झाकला गेला. ते व्यावसायिक कादंबरीकार होते. वाटेगावहून पायी मुंबईला आलेला मातंगाचा पोर, गिरणीत राबलेला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. समोर दिवसभर राबून आलेला कामगार बसलेला. त्याला झोप लागली की वग पडला. कुठे थांबायचे, कुठे हसवायचे, कुठे श्वास रोखायला लावायचा, याचे शिक्षण अण्णा भाऊंनी या मैदानात घेतले. मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. पुढे कथा-कादंबरी हेच त्यांचे मुख्य काम झाले, तेव्हा हीच विद्या कागदावर उतरली. त्यांच्या कादंबऱ्यांत घोडे आहेत, पाठलाग आहेत, सूड आहे, प्रेम आहे. एकदा हातात घेतले की पुस्तक खाली ठेववत नाही. खपाऊ कादंबरी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

फक्त नायक बदलला होता. १९५९ साली 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. त्याच वर्षी वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली. एकीकडे भोगाने न भागणारा राजा, दुसरीकडे उपाशी गावासाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा मांग. दोन्ही कादंबऱ्या महाराष्ट्राने भरभरून वाचल्या. (खांडेकरांचे मन मोठे, 'फकिरा'ला प्रस्तावना त्यांचीच आहे.) 'ययाति'ला साहित्य अकादमी आणि पुढे ज्ञानपीठ मिळाले. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' यांवर चित्रपट निघाले. म्हणजे पुरस्कार होता, वाचक होता, पडदाही होता. तरीही १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात अण्णा भाऊ गेले ते हलाखीतच.

याचे उत्तर काहीजण त्यांच्या स्वभावात शोधतात. व्यसन होते, व्यवहार कळत नव्हता, माणसे जपता आली नाहीत. गरिबाच्या गरिबीचे कारण त्याच्या स्वभावात शोधायची ही जुनी रीत आहे. समाजशास्त्र शिकताना आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितले होते, की माणसाकडे बोट दाखवण्याआधी रचना बघा. तर रचना बघू.

मराठी पुस्तकाची एक आवृत्ती म्हणजे साधारण हजार-अकराशे प्रती. समजा, त्या काळातल्या पुस्तकाची किंमत ३ रुपये, लेखकाचा वाटा १० टक्के. आकडे आमचे आहेत, हिशेब समजण्यापुरते. हजार प्रती विकल्या गेल्या तर लेखकाला ३०० रुपये. अशा ३५ कादंबऱ्या लिहिल्या तर १०,५०० रुपये. पंधरा वर्षांत वाटले तर महिन्याला ५८ रुपये! गाजलेल्या पुस्तकाच्या आवृत्त्या अधिक निघतात हे खरे, पण सगळ्याच पुस्तकांच्या निघत नाहीत. त्यातही टक्केवारी न देता एकरकमी पैसे देऊन हस्तलिखित विकत घ्यायची पद्धत मराठीत सर्रास होती. घरात चूल पेटवायची असेल तर लेखक एकरकमी पैसे घेतो. मग पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या तरी त्याचा त्यांच्याशी संबंध उरत नाही.

आणि वाचक? तो तर हजारोंनी होता. पण तो पुस्तक विकत घेत नव्हता, वाचनालयातून आणत होता. मराठी लोकप्रिय कादंबरी वाचनालयांवर जगली, मग ती अण्णा भाऊंची असो की बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपैकी एखादी. पाने सुटेपर्यंत एक प्रत शेकडो हातांतून जायची. वर्गणी वाचनालयाला, लेखकाला फक्त त्या एका प्रतीचे पैसे. काही देशांत वाचनालयातून पुस्तक नेले गेले की लेखकाला त्याचा मोबदला मिळतो. आपल्याकडे तसा कायदा आजही नाही. म्हणजे लेखक जितका गरिबांमध्ये लोकप्रिय, तितका त्याचा खिसा रिकामा.

यावर कडी म्हणजे 'मानधन' हा शब्द. गवंड्याला मजुरी, कारकुनाला पगार, लेखकाला मानधन. मान दिला की धनाची घासाघीस करायची नाही, असा त्यातला डाव. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊंनी सांगितले होते, की ही पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नाही, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. हे सांगणाराही एक कष्टकरीच होता आणि लिहिणे हे त्याचे कष्ट होते, हे मराठी साहित्यव्यवहाराने कधी मानले नाही.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. पँथरच्या नावापासून आपण अमेरिकेतल्या काळ्या बांधवांशी नाते सांगतो, तर तिकडचाही एक दाखला बघू. फ्रँक यर्बी, जन्म १९१६, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावचे. युद्धकाळात फोर्डच्या कारखान्यात काम केलेले. १९४४ साली वर्णद्वेषावरच्या एका कथेने त्यांना नाव मिळाले, पण त्याच विषयावरची कादंबरी प्रकाशकांनी नाकारली. मग यर्बींनी गोऱ्या जुगाऱ्याला नायक करून दक्षिणेतल्या जमीनदारीवर 'द फॉक्सेस ऑफ हॅरो' लिहिली. १९४६ साली ती आली आणि लाखांनी खपली. पुढच्याच वर्षी हॉलिवूडने त्यावर चित्रपट काढला. कादंबरी लिहिणारा माणूस काळा आहे हे कितीतरी वाचकांच्या गावीही नव्हते. यर्बींनी तिसावर कादंबऱ्या लिहिल्या, पुढे स्पेनमध्ये घर केले आणि लेखणीवर सुखाने जगले. काळ्या समीक्षकांनी त्यांना दूषणे दिली. त्यांनी आफ्रिकी नायकाची 'द डाहोमियन' लिहिली ती १९७१ साली, स्वतःचा वाचक पक्का झाल्यावर.

आम्ही यर्बींना गद्दार म्हणणार नाही. दार एकच उघडे होते, ते त्यातून आत गेले. पण दोघांना शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. यर्बींनी आपला माणूस बाजूला ठेवला आणि त्यांना पैसा मिळाला. अण्णा भाऊंनी आपला माणूस मधोमध उभा केला, वाचक मिळवला आणि पैसा मिळाला नाही. आपल्या माणसाची गोष्ट खपत नाही, हा दावा 'फकिरा'ने कायमचा खोटा पाडलेला आहे. अडचण खपण्यात नव्हती. खपल्यानंतर पैसा ज्या वाटांनी जातो त्या वाटांवर आपला कोणी बसलेला नव्हता.

अण्णा भाऊंनंतर आपल्या साहित्याने दुसरी वाट धरली. 'बलुतं' १९७८ साली आले, मग 'उपरा', मग 'अक्करमाशी'. या पुस्तकांनी मराठी हादरली, त्यांचे मोल कमी करायचा प्रश्नच नाही. पण प्रस्थापितांनी त्यातून एक सोयीस्कर नियम काढला. दलिताने साक्ष द्यावी, गोष्ट रचू नये. आमची जखम वाचायला ते तयार, आमची कल्पनाशक्ती मात्र त्यांना परवडत नाही. आजही आपल्या पोराने गुप्तहेराची कथा नेली तर संपादक विचारतो, तुमचे अनुभव का नाही लिहीत? देशपांडे आडनावाच्या पोराला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

म्हणून ज्याला गोष्टी लिहून जगायचे आहे त्याने जरूर लिहावे, आणि लिहिण्याइतकेच लक्ष करारावर द्यावे. १९५७चा कॉपीराइट कायदा आपल्या कार्यकर्त्यांनी ॲट्रॉसिटी कायद्यासारखा पाठ करायला हवा. हक्क हस्तांतर लेखीच लागते. त्यात कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरता आणि किती मोबदला हे लिहावे लागते. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर, जे माध्यम कराराच्या वेळी अस्तित्वातच नव्हते त्याचे हक्क, स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, कोणाला लाटता येत नाहीत. ऑडिओ, चित्रपट, वेब सिरीज, अनुवाद हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत, वेगवेगळे विकायचे. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे छापलेल्या कागदावर सही करायच्या आधी चळवळीतल्या एखाद्या वकिलाला दाखवा. आपल्याकडे वकील भरपूर आहेत, आणि त्याला बाबासाहेब कारण आहेत.

बाबासाहेबांनाही पुस्तकाच्या पैशाचा प्रश्न सुटला नव्हता. वर्तमानपत्रे काढली, स्वतःचा छापखाना चालवला, तरी सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांना पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या ५०० प्रती सरकारने घ्याव्यात अशी विनंती करावी लागली. छपाईचा खर्च त्यांना डोईजड झाला होता. सरकारने प्रती घेतल्या नाहीत. ग्रंथ निघाला तो १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे. आज तोच ग्रंथ ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर थप्प्यांनी विकला जातो. कोणत्याही समीक्षकाला न विचारता आपल्या माणसाने उभी केलेली ही पुस्तकांची बाजारपेठ आहे. तिथे वैचारिक पुस्तके आहेत, चरित्रे आहेत, गाण्यांचे संग्रह आहेत. कादंबऱ्यांचा ढीग शोधावा लागतो. नव्या लेखकाने पहिला वाचक तिथे शोधावा, आणि स्टॉल लावणाऱ्या संघटनांनी एक टेबल कथा-कादंबरीला द्यावे, असे आम्ही यंदाच्या बैठकीत मांडणार आहोत.

आणखी एक तारीख लिहून ठेवा. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. अण्णा भाऊंच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ला संपेल. १ जानेवारी २०३०पासून 'फकिरा' कोणीही छापू शकेल, कापून छापू शकेल, प्रस्तावना जोडून अण्णा भाऊंना हव्या त्या रंगात रंगवूही शकेल. ज्यांनी आयुष्यभर त्यांना दूर ठेवले त्यांच्या छापखान्यांची तयारी आपल्या आधी होईल. शुद्ध संहिता तयार करायची तर पहिल्या आवृत्त्या लागतील. त्या बहुधा आज गावोगावच्या मोडकळीला आलेल्या वाचनालयांत आणि काही जुन्या कार्यकर्त्यांच्या पेट्यांत असतील. ज्यांच्या घरी असे एखादे पुस्तक आहे त्यांनी मुखपृष्ठाचा, आतल्या पहिल्या पानाचा आणि प्रकाशकाचे नाव असलेल्या पानाचा फोटो काढून आपल्या तालुक्याच्या शाखेकडे द्यावा.