उजव्या हाताची नदी

नर्मदा परिक्रमेचा मूळ नियम एकच: नदी उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचे नाही. अमरकंटकपासून भडोचपलीकडच्या समुद्रापर्यंत सुमारे 1,312 किलोमीटर नदी; दोन्ही तट चालायचे म्हणजे वाट दुप्पट. परंपरेची मुदत 3 वर्षे, 3 महिने, 13 दिवस, चातुर्मासात मुक्काम. दक्षिण तट संपतो तिथे विमलेश्वरहून भरती साधून नावेने उत्तर तटाला मिठीतलाईस उतरतात. तेथे नदी सागरात मिळालेली असते, तेव्हा हे ओलांडणे नव्हेच, असा शास्त्रार्थ!

काठाला बांधलेला माणूस काठावरचे गाव न् गाव, नाले, घाट, सदावर्ते सांगत जातो. म्हणून परिक्रमावर्णने मला भक्तिवाङ्मयाइतकीच भूगोलाची दप्तरे वाटतात. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरीदेखील मी तशीच वाचतो.

या दप्तरांतले सर्वांत बोलके पान शूलपाणीच्या झाडीचे. लंगोटीखेरीज सारे लुटले गेले, की परिक्रमेची परीक्षा झाली, असे यात्रेकरू कौतुकाने सांगत आले. लुटणाऱ्या भिल्लाच्या घरात त्या दिवशी चूल पेटली होती का, हे मात्र मी वाचलेल्या वर्णनांत क्वचितच कोणी विचारले आहे.

आता ते पानच पाण्याखाली आहे. सरदार सरोवराची कोनशिला 1961 साली बसली. 2017 मध्ये धरण 138.68 मीटर उंचीने पुरे झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा केवळ सीमेपुरती येते, तरी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बुडिताच्या यादीत गेली. त्यांत पहिले मणिबेली. तिथले शूलपाणेश्वराचे देऊळ 1990च्या दशकात बुडाले. देवाला गुजरातेत गोऱ्याला नवे देऊळ मिळाले. माणसांचे पुनर्वसन इतके सरळ झाले नाही. जमीन कुणाला, कुठली, कधी, यावर वर्षानुवर्षे मोर्चे आणि खटले चालले.

जुनी पायवाट गेल्यावर दक्षिण तटाचे बरेच परिक्रमावासी बडवानीकडून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा असे डांबरी रस्त्याने जातात. प्रकाशा तापीकाठचे तीर्थ. नर्मदेचा यात्रेकरू तिथे तापीच्या घाटावर रात्र काढतो. नर्मदा अजून त्याच्या उजव्या हातालाच आहे. मध्ये अख्खा सातपुडा आहे, एवढेच.