संशोधनलेखांची सार्वजनिक उपलब्धता
शासनाच्या अनुदानातून झालेल्या संशोधनावरील लेख ठराविक मुदतीत कोणाही नागरिकास विनामूल्य वाचता आले पाहिजेत, असा दंडक आणि तो पाळला जावा म्हणून उभारलेली व्यवस्था. विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेली ही कल्पना पुढील पंचवीस वर्षांत अनेक देशांच्या शासकीय धोरणांचा भाग बनली. तिचे सर्वांत परिचित आणि बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या मध्यवर्ती आरोग्यसंशोधन संघटनेने (यापुढे ‘आरोग्यसंस्था’) ७ एप्रिल २००८ पासून आपल्या अनुदानितांवर घातलेले बंधन होय. हे बंधन कसे आले याइतकेच ते प्रत्यक्षात कसे पाळले गेले, किंवा प्रारंभी कसे पाळले गेले नाही, हेही लक्षणीय आहे.

पार्श्वभूमी : वैज्ञानिक नियतकालिकांचा व्यवहार इतर प्रकाशनव्यवहाराहून निराळा आहे. लेखक आपला लेख मोबदला न घेता देतो. त्याच विषयातील इतर तज्ज्ञ तो बहुधा विनामूल्य तपासून देतात. लेख स्वीकारला गेला, की लेखक त्याचा प्रताधिकार प्रकाशकाच्या नावे करून देतो आणि मग तेच नियतकालिक लेखकाच्या विद्यापीठाचे ग्रंथालय वर्गणी भरून विकत घेते. संशोधन शासकीय अनुदानातून झाले असेल, तर संशोधनाचा खर्च आणि ग्रंथालयाच्या वर्गणीचा मोठा भाग हे दोन्ही अखेर करदात्याच्याच खिशातून जातात. आणि तरीही विद्यापीठाबाहेरच्या करदात्याला तो लेख वाचता येत नाही. मुद्रणाच्या काळात ही विसंगती फारशी जाणवत नसे, कारण छपाई व टपाल यांचा खर्च उघड दिसे. १९८० नंतर नियतकालिकांच्या वर्गण्या सर्वसाधारण महागाईपेक्षा पुष्कळ वेगाने वाढल्या व ग्रंथालयांना एकामागून एक नियतकालिके बंद करावी लागली, तेव्हा तक्रारींना तोंड फुटले.

कायद्याची बाजूही अर्धवट होती. अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार कायद्यानुसार केंद्रशासनाच्या नोकराने कर्तव्य म्हणून केलेल्या लेखनावर प्रताधिकार नसतो. अनुदान घेणारा प्राध्यापक मात्र शासनाचा नोकर नव्हे. त्यामुळे आरोग्यसंस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतील वैज्ञानिकाचे लेखन सार्वजनिक मालकीचे होई, तर त्याच संस्थेच्या पैशावर विद्यापीठात काम करणाऱ्याचे लेखन प्रकाशकाच्या मालकीचे होई.

२६ जून १९९७ रोजी आरोग्यसंस्थेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘पबमेड’ ही वैद्यकीय लेखांची संगणकीय सूची सर्वांना विनामूल्य खुली केली. सूचीत लेखांचे सारांश होते. मूळ लेख नव्हते. याचा परिणाम कोणाच्या फारसा ध्यानात आला नव्हता. दुर्मिळ रोगाने ग्रासलेल्या मुलाच्या आईवडिलांना त्या रोगावर कोठे व काय संशोधन झाले हे आता घरबसल्या कळू लागले, परंतु लेख उघडू जाता एकेका लेखाचे शुल्क पुढे येऊ लागले. दार दिसू लागले, म्हणूनच ते बंद असल्याचेही दिसले. पुढे कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांत ग्रंथपालांबरोबर रुग्णांच्या संघटनाही होत्या, त्याचे मूळ येथे आहे.

पबमेड सेंट्रल : आरोग्यसंस्थेचे त्या वेळचे संचालक व नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॅरल्ड व्हार्मस यांनी मे १९९९ मध्ये ‘ई-बायोमेड’ नावाची योजना मांडली. जीवविज्ञानातील सर्व लेख, तज्ज्ञांनी तपासलेले आणि न तपासलेलेही, एका सार्वजनिक भांडारात ठेवावे, अशी ती योजना होती. प्रकाशकांनी व अनेक विद्वत्सभांनी तिला कडाडून विरोध केला. विद्वत्सभांचा विरोध केवळ स्वार्थमूलक म्हणता येणार नाही. त्यांच्या परिषदा, शिष्यवृत्त्या व विद्यार्थ्यांना दिली जाणारी मदत नियतकालिकाच्या उत्पन्नावर चालत असे. अखेर न तपासलेल्या लेखांचा भाग वगळून ‘पबमेड सेंट्रल’ हे भांडार फेब्रुवारी २००० मध्ये अवघ्या दोन नियतकालिकांनिशी सुरू झाले. त्यात लेख देणे प्रकाशकांच्या खुशीवर होते. २००० च्या अखेरीस व्हार्मस व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या जाहीर पत्रावर सु. ३४,००० वैज्ञानिकांनी सह्या केल्या आणि जी नियतकालिके सहा महिन्यांनंतर लेख खुले करणार नाहीत, त्यांना सप्टेंबर २००१ पासून लेख न देण्याची प्रतिज्ञा केली. ती मुदत आली आणि गेली. बहुतेक स्वाक्षरीकर्ते पूर्वीच्याच नियतकालिकांकडे लेख पाठवीत राहिले. नामांकित नियतकालिकातील लेखावर ज्यांची नेमणूक व बढती अवलंबून असते, त्यांच्याकडून यापेक्षा वेगळे घडणे कठीणच होते.

विनंतीचा काळ : जुलै २००४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीने आरोग्यसंस्थेस सुचविले, की अनुदानितांचे स्वीकृत लेख भांडारात घ्यावे व प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांनी खुले करावे. संचालक इलायस झेरहूनी यांच्या कारकीर्दीत फेब्रुवारी २००५ मध्ये धोरण जाहीर झाले, तेव्हा त्यातील सक्ती गेली होती आणि सहा महिन्यांच्या जागी बारा महिने आले होते. २ मे २००५ पासून अनुदानितांना लेख देण्याची केवळ ‘विनंती’ करण्यात आली.

त्या वेळी आरोग्यसंस्थेच्या अनुदानातून वर्षाकाठी सु. ६५,००० लेख प्रसिद्ध होत असावेत असा अंदाज होता. पहिल्या काही महिन्यांत यांपैकी ४ टक्क्यांहूनही कमी लेख भांडारात आले, असे संस्थेनेच २००६ च्या प्रारंभी काँग्रेसला कळविले. लेख चढविण्यास थोडकाच वेळ लागे, म्हणजे काम अवघड नव्हते. ते कोणाचेच नव्हते, ही खरी अडचण होती. लेखकास वाटे प्रकाशक करील, प्रकाशकास त्यात रस नव्हता, आणि विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयाला लेख कधी स्वीकारला गेला याची वार्ताही नसे. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट या खाजगी न्यासाने ऑक्टोबर २००५ पासून आपल्या अनुदानितांवर सहा महिन्यांच्या मुदतीची सक्ती केली होती. त्यामुळे सक्ती अशक्य आहे हा युक्तिवाद लंगडा पडला. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सल्लागारांनीही सक्तीचीच शिफारस केली.

२६ डिसेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या एकत्रित विनियोजन कायद्याच्या २१८ व्या कलमात ही सक्ती आली. अनुदानितांनी तज्ज्ञपरीक्षित अंतिम हस्तलिखित स्वीकृतीबरोबर पबमेड सेंट्रलकडे द्यावे, ते प्रसिद्धीनंतर बारा महिन्यांच्या आत खुले व्हावे आणि हे सर्व प्रताधिकार कायद्याशी सुसंगत रीतीने व्हावे, एवढाच त्याचा आशय आहे. २००९ च्या विनियोजन कायद्याने ही तरतूद कायम केली.

पालनाची यंत्रणा : नियम लहान असला, तरी त्याचे पालन गुंतागुंतीचे ठरले. लेख भांडारात पोहोचण्याचे चार मार्ग ठेवण्यात आले. काही नियतकालिके आपला प्रत्येक लेख मुद्रित स्वरूपात स्वतःहून देत. काही प्रकाशक लेखकाने सांगितल्यास, बहुधा शुल्क घेऊन, तेवढाच लेख देत. तिसऱ्या मार्गात लेखक स्वतः हस्तलिखित चढवी. चौथ्यात प्रकाशक हस्तलिखित चढवी, परंतु लेखकाने दोनदा संमती दिल्यावाचून ते पुढे सरकत नसे. या चौथ्या मार्गातच पुष्कळ लेख अडकून पडत. प्रकाशकाने लेख पाठविला म्हणजे काम संपले अशी लेखकाची समजूत होई आणि संमती मागणारे पत्र तसेच पडून राही.

दुसरा घोटाळा क्रमांकांचा होता. पबमेड सूचीतील नोंदीस एक क्रमांक असतो, पबमेड सेंट्रलमधील पूर्ण लेखास दुसरा. धोरणाचे पालन झाल्याचा पुरावा म्हणजे हा दुसरा क्रमांक. २५ मे २००८ पासून अनुदानाच्या अर्जात व प्रगती अहवालात तो देणे आवश्यक झाले. परंतु दोन्ही नावे इतकी सारखी होती, की कित्येक प्राध्यापक पहिलाच क्रमांक लिहून निश्चिंत होत. हस्तलिखित चढविल्यावर मिळणारा तिसरा, तात्पुरता क्रमांक प्रसिद्धीनंतर तीन महिनेच ग्राह्य धरला जाई. वैद्यकीय ग्रंथालयांतील ग्रंथपालांना या काळात एक नवेच काम मिळाले : प्राध्यापकांच्या लेखसूच्या तपासून कोणता लेख कोठे अडकला आहे हे शोधणे. अनुदानाचा मुख्य संशोधक स्वतः लेखक नसला, तरी त्याच्या अनुदानाचा ऋणनिर्देश करणाऱ्या प्रत्येक लेखाची जबाबदारी त्याच्यावरच होती. त्यामुळे सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा चार वर्षांपूर्वीचा लेख शोधत बसण्याची पाळी अनेकांवर आली.

कायदा होऊनही पालन ७५ टक्क्यांच्या आसपास थबकले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आरोग्यसंस्थेने जाहीर केले, की लेख भांडारात नसतील तर चालू अनुदानाचा पुढील वर्षाचा हप्ता रोखून धरला जाईल. १ जुलै २०१३ पासून याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत दरमहा सरासरी सु. ५,००० हस्तलिखितांना लेखकांची संमती मिळत असे. मे २०१३ या एका महिन्यात ती १०,००० हून अधिक हस्तलिखितांना मिळाली. चार मार्ग तेच होते आणि क्रमांकांचा घोटाळाही तोच होता.

विरोध व विस्तार : सक्ती मोडून काढण्याचे प्रयत्न कायदेमंडळात झाले. २००८ व २००९ मध्ये आलेली विधेयके बारगळली. डिसेंबर २०११ मध्ये मांडलेले ‘रिसर्च वर्क्स’ विधेयक मात्र प्रकाशकांवरच उलटले. त्याला एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेचा पाठिंबा होता; ब्रिटिश गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी जानेवारी २०१२ मध्ये त्या संस्थेवर बहिष्काराचे आवाहन केले, हजारो वैज्ञानिकांनी त्यावर सह्या केल्या आणि २७ फेब्रुवारी २०१२ रोजी संस्थेने पाठिंबा काढून घेतला. पाठोपाठ विधेयकही सोडून देण्यात आले.

२२ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रेन यांनी संशोधनावर वर्षास १० कोटी डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या सर्व केंद्रीय खात्यांना अशीच धोरणे आखण्यास सांगितले. बारा महिन्यांची मुदत तशीच राहिली. २०२० च्या कोरोना साथीत ती मुदत निरर्थक असल्याचे प्रकाशकांनीच एका अर्थाने मान्य केले. मार्चमध्ये अनेक देशांच्या विज्ञान सल्लागारांनी विनंती केल्यावर त्यांनी या रोगावरील लेख तत्काळ खुले केले. २५ ऑगस्ट २०२२ रोजी अलॉन्ड्रा नेल्सन यांच्या सहीने निघालेल्या आदेशाने २०२५ च्या अखेरपर्यंत मुदत पूर्णपणे काढून टाकण्यास फर्मावले. आरोग्यसंस्थेने त्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरविली होती. संचालक जय भट्टाचार्य यांनी ती अलीकडे आणल्यामुळे १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेले लेख प्रसिद्धीच्या दिवशीच खुले होऊ लागले.

वर्गणीऐवजी लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेण्याची प्रथा या काळात बळावली. वाचकाचा अडसर गेला, पण तोच आता लेखकापुढे उभा राहिला. अनुदान संपलेला किंवा गरीब देशातील संशोधक ही रक्कम कोठून आणणार, हा प्रश्न शिल्लक आहे.

भारत : आरोग्यसंस्थेचे बंधन तिच्या परदेशी अनुदानितांनाही लागू असल्याने त्याचा संबंध महाराष्ट्राशीही आला. तिच्या अर्थसाहाय्याने नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या आणि लवकर औषधोपचार केल्यास एचआयव्हीचा जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे दाखविणाऱ्या चाचणीचे एक केंद्र पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला त्या चाचणीचा लेख पबमेड सेंट्रलमध्ये कोणासही वाचता येतो.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आणि केंद्रशासनाच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान या विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्तपणे आपली धोरणे जाहीर केली. दोन विभागांच्या धोरणानुसार स्वीकृत लेख दोन आठवड्यांत भांडारात देणे अपेक्षित आहे. यानंतर शासनाने वेगळीच वाट धरली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून देणारी ही योजना जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही पूर्वी मोजक्याच संस्थांत मिळणारी नियतकालिके वाचता येतात. तथापि हा हक्क संस्थेच्या सदस्याचा आहे; खाजगी व्यवसाय करणारा डॉक्टर, निवृत्त शिक्षक किंवा स्वतःच्या आजाराविषयी वाचू पाहणारा रुग्ण यांचा त्यात समावेश नाही.