बाळाच्या अंगावर पिवळसर गाठ : डागू नका, आधी डोळे तपासा

जालना : एमआयडीसी भागात रोलिंग मिलचा धूर अन् लोखंडाची धूळ रोजचीच. त्यामुळे बाळाच्या अंगावर काही उठलं की धुळीवर संशय जाणं साहजिक आहे. पण ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा या दुर्मिळ आजाराचा धुळीशी संबंध आढळलेला नाही. नाव बोजड असलं तरी हा कॅन्सर नाही, आणि शिवल्याने पसरतही नाही.

शरीरातला कचरा अन् जंतू गिळणाऱ्या हिस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. त्या कातडीत एकाच जागी जास्त जमल्या की गाठ दिसते. आधी लालसर, मग पिवळी-तपकिरी. बहुतेक गाठी तुरीच्या डाळीएवढ्या, क्वचित बोराएवढ्या. डोकं, मान, छाती-पाठ या जागी जास्त. बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या वर्षात येते आणि सहसा एकच असते. दुखत नाही, खाजतही नाही. इंग्लंडचे डॉ. अॅडमसन यांनी 1905 मध्ये याची नोंद केली; आजचं नाव 1954 पासूनचं.

उपचार काय? बहुतेक लेकरांना काहीच नाही. तीन ते सहा वर्षांत गाठ आपोआप बसते, फार तर डाग राहतो. नुकसान होतं ते घरच्या उपायांनी. चामखीळ समजून कोणी ॲसिड लावतं, कोणी दोरा बांधतं, कोणी डागतं. गाठ गेली असती, पण व्रण जन्माचा राहतो. मेडिकलमधून न विचारता आणलेली स्टेरॉइडची ट्यूबही नको.

मात्र एक गोष्ट टाळू नये. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल आणि गाठी बऱ्याच असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावं. अशी गाठ कधी बुबुळावरही येते. आत रक्त उतरतं, काचबिंदू होतो, नजर जाऊ शकते. डोळा लाल किंवा धुरकट दिसला तर त्याच दिवशी निघा. गाठींसोबत अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच चट्टे असतील तर बालरोगतज्ज्ञ हवाच.

ओळख बहुतेकदा नजरेनेच पटते. शंका असली तर त्वचारोगतज्ज्ञ छोटा तुकडा काढून तपासतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत ही सोय आहे. कामगाराकडे ईएसआयचं कार्ड असेल तर त्यावर बायको-लेकरांनाही उपचार मिळतात. अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक आलं की त्यांनाही गाठ दाखवता येते.

मोठ्या माणसांनाही हा आजार क्वचित होतो. त्यांची गाठ मात्र सहसा आपोआप जात नाही.